एक सामना आणि परतीची एसटी

मार्च आला की अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलचं वारं सुटतं. तिकडे राहणारी आपली मंडळी फोनवर मुलाबाळांचं सांगता सांगता मधेच कुठल्यातरी कॉलेजचा स्कोअर सांगायला लागतात. आसगावात बसून मला त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. आमच्या चौरास भागात बोलायचे विषय ठरलेले : धान, गोसीखुर्दचं पाणी आणि कबड्डी. पण ऐकून ऐकून मलाही नाद लागला, आणि त्यातली एक गोष्ट डोक्यात बसली ती काही केल्या जाईना. म्हणून आज लिहून टाकतो.

तिकडे कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. वरच्या श्रेणीत असे तीसेक गट आहेत. नोव्हेंबर ते मार्च एकेक संघ तीसच्या आसपास सामने खेळतो. हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, गटातल्या संघांची चार-पाच दिवसांची बाद पद्धतीची स्पर्धा होते. ती जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. गंमत अशी की बहुतेक गटांत तक्त्यात खाली असलेल्यालाही इथे दार उघडं असतं. २०११ साली कनेक्टिकटचा संघ आपल्या गटात नववा होता. त्याने ५ दिवसांत ५ सामने जिंकून गटाची स्पर्धा मारली आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही घेतलं. २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटने दहाव्या क्रमांकावरून तसेच ५ दिवसांत ५ सामने जिंकले आणि थेट देशातल्या शेवटच्या चारांत धडक मारली.

आता ह्या पद्धतीवर तिकडेही भांडणं आहेत. वर्षभर नीट खेळायचं आणि एका वाईट दिवशी घरी जायचं, हा कुठला न्याय? १९७४ मध्ये मेरीलँडचा संघ देशातल्या उत्तम संघांत गणला जात होता. गटाच्या अंतिम सामन्यात तो जादा वेळेत १०३-१०० असा हरला, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे गटातून एकच संघ जायचा, म्हणून घरी बसला. पुढच्याच वर्षी नियम बदलला. आयव्ही लीगवाल्यांनी तर अशी स्पर्धा २०१७ पर्यंत भरवलीच नव्हती. साखळीत जो पहिला, तोच पुढे, असा त्यांचा साधा हिशेब होता.

पण बघा, भांडण करणारा तिकडचा संघ हरला तरी वर्षभर खेळून हरलेला असतो. बाद पद्धत तिकडे जेवणानंतरच्या विड्यासारखी आहे. आपल्याकडे विडा हेच जेवण!

आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा पहिल्या सामन्यापासूनच बाद पद्धतीच्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पदरात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया असे चार जिल्हे आहेत. एवढ्या पसाऱ्यातून खेळाडू निवडून विद्यापीठाचा एक चमू होतो, तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, तिथले पहिले चार अखिल भारतीय स्पर्धेत. आणि गंमत म्हणजे, विभागाच्या स्पर्धेत शेवटी उरलेल्या चार चमूंना आपसात साखळी सामने खेळायला मिळतात. म्हणजे साखळीचं महत्त्व आपल्याला कळत नाही असं नाही. फक्त ते जिंकत आलेल्यांसाठी राखून ठेवलंय. ज्यांना खेळण्याची खरी गरज, ते केव्हाच एसटीत बसलेले असतात.

आमच्या गावचे दोन पोट्टे असेच एका वर्षी कॉलेजच्या बास्केटबॉल चमूत होते. मुळात दोघेही कबड्डीतले, उंची बघून सरांनी इकडे ओढलेले. महिनाभर सिमेंटच्या कोर्टवर घाम गाळला, मग पहाटेची एसटी पकडून पवनी, भिवापूर, उमरेड करत नागपूर. समोर शहरातला चमू, शाळेपासून क्लबात खेळत आलेला. चाळीस मिनिटांचा खेळ, मोठ्या फरकाने हार, तर्री-पोहे आणि रात्री परत गाव. त्यांचं वर्ष संपलं. त्यातला एक मला नंतर म्हणाला की तिसऱ्या क्वार्टरपासून त्यांच्या चाली समजायला लागल्या होत्या. समजायला लागलं तेव्हा सामना संपत आलेला, आणि पुढचा सामनाच नाही! त्याचं ते शेवटचं वर्ष होतं.

साधा हिशेब करू. ३२ चमू धरा. बाद पद्धतीत ३१ सामने होतात. १६ चमू एकच सामना खेळून घरी जातात, आणखी ८ दोन खेळून. आता ह्याच ३२ चे चार-चारचे ८ गट पाडा. गटात प्रत्येकाशी प्रत्येक, म्हणजे ६ सामने, एकूण ४८. मग ८ गटविजेत्यांची बाद फेरी, ७ सामने. झाले ५५. म्हणजे २४ सामने जास्त, आणि त्या बदल्यात प्रत्येक पोराला किमान तीनदा मैदानावर उतरायला मिळेल.

पैसा कुठून आणायचा, सेमिस्टरच्या परीक्षा तोंडावर असतात, कॉलेजात क्रीडा शिक्षकाची जागाच रिकामी असते, हे सगळं खरं आहे. पण म्हणूनच गट जिल्ह्यात खेळवा. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी इथल्या कॉलेजांनी शनिवार-रविवारी एकाच मैदानावर जमावं, आणि जिंकेल तो नागपूरला जाईल. बहुतेकांचा नागपूरचा खर्चच वाचेल. तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळतील. आणि नागपूरला मुक्कामी पाठवायला जे आईबाप कचरतात, ते मुलीला जिल्ह्यातल्या मैदानावर सकाळी पाठवून संध्याकाळी घरी बघतील. मुलींचे चमू वाढायचे असतील तर मला हा रस्ता सगळ्यात जवळचा वाटतो.

कोणी म्हणेल, इतकं करून आसगावचा पोरगा काय भारताच्या चमूत जाणार आहे? जाईल न जाईल. कॉलेजचा खेळ फक्त निवडीसाठी असतो हेच मला पटत नाही. निवड एकदोघांची होते, खेळायला मात्र सगळे आलेले असतात. प्रो कबड्डीचं उदाहरण आहेच. २०१४ पासून पोट्ट्यांना चढाईपटूंची नावं पाठ झाली, कारण तेच चमू आठवडेन् आठवडे साखळीत दिसत राहिले आणि बाद फेरी शेवटी आली. एका सामन्यात कोणाची ओळख होते?

अमेरिकेचा पैसा, टीव्ही, भरलेली स्टेडियमं आपल्याला नकोत, परवडणारही नाहीत. त्यांचा क्रम तेवढा घ्यावा : आधी भरपूर खेळा, मग बाद व्हा.

आपल्यापैकी बरेच जण, आणि आमच्या घरातलेही दोघंतिघं, कॉलेजात शिकवतात. पुढच्या सत्राचं वेळापत्रक ठरायच्या आधी आपापल्या क्रीडा शिक्षकांपाशी हा विषय काढून तर बघा. चार कॉलेजं आपसात ठरवून दोन दिवस खेळली तर त्याला कोणाची ना असणार? आणि असं कुठे आधीच होत असेल तर जरूर कळवा, आमच्या पोट्ट्यांना घेऊन बघायला येतो.