तोडणी उसाची करावी, नावाची नको

यंदा वार्षिक सभेची नोटीस संगणकावरून निघाली आणि वेळेवर घरपोच झाली, हे चांगलेच झाले. पण पाकिटे फोडल्यावर गावोगाव हशा पिकला, आणि एक-दोन घरांत डोळ्यांना पाणीही आले. आपल्या सभासद रजिस्टरात आडनाव आधी लिहिण्याची जुनी रीत. समजा, नोंद आहे 'शिंदे मारुती गणपत'. संगणकातल्या मसुद्यात मात्र पहिला शब्द स्वतःचे नाव, मधला वडिलांचे आणि शेवटचा आडनाव, असे धरलेले. झाले! नोटीस निघाली 'मा. श्री. गणपत यांस'. म्हणजे सभेचे बोलावणे गेले मारुतरावांच्या कैलासवासी वडिलांना.

आम्ही संगणकाच्या विरुद्ध नाही. उसाची नोंद, तोडणीची चिठ्ठी, करारपत्र, बिल, एवढे कागद हाताने लिहायचे दिवस गेले. एकदा मसुदा करून नावाची जागा मोकळी सोडली, की हजारो कागद भराभर निघतात. पण दोन शब्दांतली मोकळी जागा बघून नावाचे तुकडे पाडायचे, ही युक्ती ज्याने काढली त्याने आपली गावे पाहिलेली नसावीत.

मोहिते पाटील, नाईक निंबाळकर ही दोन शब्दांची आडनावे. तेथे मशीन अर्धे आडनाव ठेवते आणि उरलेल्या अर्ध्याचा माणूस करते. 'बाळासाहेब' एका कारकुनाने जोडून लिहिला, दुसऱ्याने तोडून, की एकाची दोन माणसे. 'उर्फ' असेल तर विचारूच नका. सातबाऱ्यावरून नाव जसेच्या तसे उचलले, तर 'ए.कु.मॅ.' आणि 'अ.पा.क.' हीसुद्धा कुणाची तरी नावे ठरतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर काय आणि अज्ञानाचा पालनकर्ता काय, तलाठी भाऊसाहेबांना कळते. मशीनला कोण सांगणार?

भगिनी सभासदांचे हाल याहून जास्त. लग्नानंतर नाव बदललेले, मधल्या रकान्यात एका कागदावर वडील तर दुसऱ्यावर पती, एकीकडे 'लक्ष्मी' तर दुसरीकडे 'लक्ष्मीबाई'. त्यात शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव स्वतःचे, आईचे, वडिलांचे आणि आडनाव अशा क्रमाने लिहायचे ठरवले आहे. निर्णय स्तुत्यच. पण उद्या हा चार नावांचा वारस आपल्या तीन रकान्यांत बसायचा कुठे?

नोटिशीवर हसून सोडता येते. शेअर दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि पासबुकावर तिसरे नाव निघाले, की वारसनोंदीला आलेल्या विधवा बाईला प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे चुकत नाहीत. उसाच्या पैशाला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने १४ दिवसांची मुदत घातली. नावाच्या घोळापायी एखाद्याचे बिल त्यापलीकडे अडकले, तर त्यात त्या सभासदाचा काय गुन्हा?

आमचे म्हणणे एवढेच, की रजिस्टरातले पूर्ण नाव एकाच रकान्यात जसेच्या तसे राहू द्यावे आणि कागदावर तेच छापावे. आधार कार्डावर नाव एका ओळीतच असते, त्याचे काही अडत नाही. यादी आडनावाच्या क्रमाने लावायची म्हणून तुकडे लागतीलच, तर ते सभासदाला विचारून भरावेत, मशीनच्या अंदाजावर सोडू नयेत. आडसालीच्या नोंदी घ्यायला चिटबॉय बांधावर येतातच. तेव्हाच छापलेले नाव वाचून दाखवावे आणि सही घ्यावी. वेळ लागेल, लागू दे. आणि सभासद बंधूंनो, सोसायटीच्या कर्जाला एक नाव अन् उसाच्या नोंदीला दुसरे, ही आपलीही खोड आहे, ती कबूल करू या.

चुकलेल्या नोटिशी सभेपूर्वी दुरुस्त करून पुन्हा पाठवाव्यात, अशी संचालक मंडळास आमची विनंती आहे.