३१ मार्च २०१७चा शब्द अजून बाकी आहे

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : आजारी आणि मृत व्यक्तींजवळ राहून गेलेल्या ५०० व १,००० रुपयांच्या रद्द नोटा स्वीकारण्याबाबत

महोदया,

८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पंतप्रधानांनी देशाला दोन तारखा सांगितल्या होत्या. पहिली ३० डिसेंबरची, रद्द नोटा बँकेत भरण्यासाठी. दुसरी ३१ मार्च २०१७ची : ज्यांना काही कारणाने ३० डिसेंबरपर्यंत नोटा भरता येणार नाहीत, त्यांनी घोषणापत्र घेऊन रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत यावं. पहिली तारीख तुमच्या सरकारने पाळली. दुसरी आमच्याकडून काढून घेतली. ३० डिसेंबरला वटहुकूम निघाला आणि सगळ्या कारणांमधून एकच कारण शिल्लक राहिलं : ९ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर तुम्ही देशाबाहेर होतात का? असाल तर ३१ मार्चपर्यंत या. अनिवासी असाल तर ३० जूनपर्यंत या.

माझी आई देशाबाहेर नव्हती. ती वरळी कोळीवाड्यात, आमच्या घरात, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होती. वाचा गेली होती. पैसे कुठे ठेवलेत हे सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. जानेवारीत ती गेली. दिवसकार्य आटोपल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा लुगड्यांच्या घड्यांमध्ये नोटा सापडल्या. तो फेब्रुवारी २०१७ होता. पंतप्रधानांनी दिलेल्या मुदतीला महिन्याहून जास्त अवकाश होता, आणि नोटा घेणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या पाच कार्यालयांपैकी एक आमच्याच शहरात होतं. इथल्या एका बँकेच्या खिडकीवर विचारणा केली. उत्तर मिळालं, ‘पासपोर्टवर शिक्का आहे का?’ त्यानंतर ज्या ज्या दाराशी गेलो, त्या प्रत्येकाने पुढच्या दाराकडे बोट दाखवलं. म्हणून आता उघडपणे लिहितो आहे.

कोळणीने पैसे बँकेत का ठेवले नाहीत, हा प्रश्न दिल्लीत सहज विचारला जातो. आई पहाटे ससून डॉकच्या लिलावात म्हावरं घ्यायची. त्या वेळी कुठलीही बँक उघडी नसते आणि लिलाववाला चेक घेत नाही. बर्फ रोख, हमाली रोख, टेम्पोचं भाडं रोख. दिवसभराची विक्री कनवटीला लागायची आणि रात्री पेटीत जायची, कारण दुसऱ्या पहाटे तीच रक्कम पुन्हा लिलावात लागणार असायची. शिवाय जून-जुलैत मासेमारी बंद. ते दोन महिने घर चालायचं ते त्याच पेटीवर. तिचं भांडवल, तिचा विमा, तिचं पेन्शन सगळं तिथेच होतं. त्या पैशाला काळा म्हणणाऱ्याने एकदा मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वरळीच्या चाळींचे जिने चढावेत.

१९७८ साली हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कोळीवाड्याला झळ लागली नाही. तसल्या नोटा इथे येतच नव्हत्या. २०१६ साली तुम्ही रद्द केलेल्या दोन नोटा चलनाच्या एकूण मूल्याच्या ८६ टक्के होत्या. पाचशेची नोट मोडल्याशिवाय लिलावातली पाटी उचलता येत नव्हती. सुरुवातीला चार हजारांपर्यंत बदलून मिळत होतं, मग साडेचार हजार, मग दोन हजार, आणि २४ नोव्हेंबरनंतर बँकांत काहीच नाही. बोटाला शाई लावून रांगेत उभं राहण्यासाठीसुद्धा माणूस पायावर उभा असावा लागतो.

आणि एवढं करून हाती काय आलं? रिझर्व्ह बँकेच्याच अहवालानुसार १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आले, म्हणजे ९९.३ टक्के. २०१६-१७ या वर्षात नोटांच्या छपाईवर ७,९६५ कोटी खर्च झाले. परत न आलेल्या सुमारे १०,७०० कोटींत माझ्या आईची पेटीही आहे. ज्यांच्याकडे वाटा होत्या त्यांचे पैसे पोहोचले. राहिले त्यांत आजारी, म्हातारी, एकटी माणसं आहेत.

नोटा किती, हे मी लिहीत नाही. तुमच्या २०१७च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा जास्त रद्द नोटा जवळ असणं गुन्हा आहे. दंड दहा हजार रुपये किंवा रकमेच्या पाचपट, यांतला जो मोठा तो. आईची ठेव सापडली म्हणून मुलाला गुन्हेगार ठरवणारा हा कायदा कोणत्या तोंडाने केलात?

मुदत संपली होती, असं कृपया सांगू नका. २० जून २०१७ रोजी तुमच्याच मंत्रालयाने बँका, टपाल कार्यालयं आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांसाठी तीस दिवसांची खिडकी पुन्हा उघडली. संस्थांची अडचण तुम्हाला समजली, माणसांची नाही. आणि मे २०२३मध्ये दोन हजारांची नोट मागे घेतली, तेव्हा ती वैध चलन राहिली. बँकांची मुदत संपल्यावरही रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत ती घेतली जाते, पोस्टाने पाठवली तरी खात्यात जमा होते. म्हणजे माणसाला न तुडवता नोट मागे घेता येते. जर्मनीची बुंदेसबँक मार्क आजही युरोत बदलून देते, मुदतच नाही. इटलीच्या सरकारने २०११ साली लिराची मुदत अचानक आखडली. तिथल्या घटना न्यायालयाने २०१५ साली तो निर्णय रद्द केला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक मताने नोटबंदी वैध ठरवली आणि मुदतीनंतर नोटा घेण्याचा स्वतंत्र अधिकार रिझर्व्ह बँकेला नाही, असं म्हटलं. ते मान्य. पण तुम्हाला आहे. त्याच २०१७च्या कायद्याच्या कलम ४, पोटकलम (१), खंड (ख) मध्ये केंद्र सरकार अधिसूचनेने आणखी कोणत्या वर्गाला आणि कोणत्या कारणांसाठी सवलत द्यायची ते ठरवू शकतं, असं लिहिलं आहे. ते कलम तुम्हीच लिहिलंत. मग ते वापरत का नाही?

मागणी एवढीच. नोटा भरण्याच्या त्या ५२ दिवसांत अंथरुणाला खिळलेल्या, रुग्णालयात असलेल्या किंवा त्यानंतर मरण पावलेल्या व्यक्तींचा आणि त्यांच्या वारसांचा वर्ग अधिसूचित करा. सवलतीची मुदत नव्याने ठरवा. त्यासाठी दुरुस्ती लागत असेल तर ती संसदेत आणा. डॉक्टरांचे कागद मागा, मृत्यूचा दाखला मागा, पैसा कुठून आला ते विचारा. आमच्याकडे सगळ्याची उत्तरं आहेत. आणि वारसाने पुढे होऊन नोटा दाखवल्या तर त्याच्यावर दंडाची कारवाई होणार नाही, हे त्याच अधिसूचनेत स्पष्ट लिहा, म्हणजे कोळीवाड्यातल्या इतर पेट्याही उघडतील.

आपला,
वरळी कोळीवाड्यातील एका मासळी विक्रेतीचा मुलगा