तारीख कोणी ठरवायची?

कराचीत एअरशिपसाठी बांधलेल्या प्रचंड हँगरमध्ये एकही एअरशिप कधी आली नाही. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. हायड्रोजनच्या पिशव्यांवर तरंगणारी ‘आर १०१’ इंग्लंडहून तिथे यायची होती. मधोमध कापून लांबी वाढवल्यावर तिची चाचणी एकदाच झाली, तीही पूर्ण वेगाने नाही. पण हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन यांना हिंदुस्थानात जाऊन त्याच महिन्यात साम्राज्य परिषदेसाठी परतायचं होतं. उरलेली चाचणी वाटेत करा, या अटीवर प्रमाणपत्र मिळालं. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ती निघाली आणि मध्यरात्रीनंतर फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून पेटली. ५४ पैकी ४८ जण गेले, त्यात मंत्रीही.

हायड्रोजन धोक्याचा होताच, पण घाई माणसांची होती.

आमच्या गुहागरच्या किनाऱ्यावरची जुनी रीत अशी, की खारवी असो वा दालदी, नारळी पौर्णिमेआधी होडी दर्यात लोटायची नाही. मालक कितीही मोठा असला तरी तारीख दर्याच ठरवणार. पूल, जेट्टी किंवा बोटीच्या उद्घाटनाची पत्रिका हातात पडली, की आपणही पाहुण्यांची नावं नंतर वाचावीत. आधी विचारावं, चाचणी पुरी झाली का?