आयकराचें राहून गेलेलें विवरणपत्र

छत्रपती संभाजीनगर हें शहर पूर्वीं निजामाच्या राज्यांत होतें. केंद्र सरकारचा आयकर कायदा या भागास 1 एप्रिल 1950 पासून लागू झाला. पुढें पुष्कळ वर्षें आयकर अधिकारी म्हणजे कचेरींत जाऊन ज्याची गांठ घेतां येते असा गृहस्थ, अशी वडीलधाऱ्यांची समजूत होती. आतां विवरणपत्रें बंगळुरूच्या मध्यवर्ती केंद्रांत यंत्रें तपासतात, आणि 2020 पासून पुष्कळशी आकारणी कोणत्या अधिकाऱ्यानें केली हें करदात्यास कळतही नाहीं. आयकराचें लोकपाल पदही 2019 सालीं रद्द झालें. तेव्हां दाद मागावी कोठें?

एकत्र कुटुंबांत हा घोळ बहुधा आजीआजोबांच्या ठेवींपासून सुरू होतो. उत्पन्न करपात्र नसतें. परंतु ठराविक अर्ज वेळेवर न दिल्यामुळें बँक व्याजांतून कर कापून घेते. तो परत मिळविण्यास विवरणपत्र भरावें लागतें, आणि तें ‘पुढल्या वर्षीं पाहूं’ म्हणून मागें पडतें. रक्कम लहान दिसली तरी ती वृद्धांच्या औषधपाण्याची असते, हें विसरतां कामा नये.

विवरणपत्र भरूनही उत्तर येत नसेल तर प्रथम आपल्याकडील बाजू पाहावी. 1 ऑगस्ट 2022 पासून विवरणपत्राची पडताळणी तीस दिवसांत करावी लागते; ती न झाल्यास भरलेलें विवरणपत्र मुदतींत भरलें असें धरलें जात नाहीं. बँकेच्या खात्याचा तपशील जुळत नसला तरीही परतावा अडतो. वडील वारले असल्यास वारसानें स्वतःची कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंद करून घ्यावी.

मुदतच उलटून गेली असेल तरी सर्व मार्ग बंद होत नाहींत. 1961 च्या कायद्याखालीं केंद्रीय मंडळानें 1 ऑक्टोबर 2024 रोजीं काढलेल्या परिपत्रकाप्रमाणें आकारणी वर्ष संपल्यापासून पांच वर्षांच्या आंत विलंब माफ करण्याविषयीं अर्ज करतां येतो. एक कोटि रुपयांपर्यंतच्या मागणीचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त देतात. मात्र अशा उशिरा मागितलेल्या परताव्यावर व्याज मिळत नाहीं. आळसाची किंमत ती हीच.

विलंब सरकारचा असेल तर गोष्ट निराळी. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीस मिळावयाचें व्याज खात्यानें बारा ते सतरा वर्षें अडवून ठेवलें होतें. 2006 सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याची भरपाई देवविली. पुढें 2013 सालीं त्याच न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, कायद्यांत सांगितलेल्या व्याजापलीकडे व्याज मागतां येत नाहीं. तथापि नागरिकाचा पैसा विनाकारण दाबून ठेवणें गैर, हें तत्त्व कायम राहिलें.

म्हणून तक्रार तोंडी न करतां लेखी करावी, आणि प्रत्येक तक्रारीचा क्रमांक व तारीख एका वहींत उतरून ठेवावी. केंद्र सरकारच्या तक्रारनिवारण व्यवस्थेकडेही दाद मागावी. सर्व उपाय थकल्यावर उच्च न्यायालयाचें खंडपीठ याच शहरांत आहे. परंतु तेथें उभें राहतांना हीच वही उपयोगी पडेल. घरांतील कोणा एका शिकलेल्या मुलानें वा सुनेनें दरवर्षीं हें काम अंगावर घ्यावें. वडिलांचा पैसा वडिलांच्या हयातींत त्यांच्या हातीं पडावा, यांतच त्याचें सार्थक आहे.