केरसुणीत अडकलेली कुडी

मंगळवारी दुपारी सासूबाईंच्या उजव्या कानातली कुडी हरवली. फिरकी कधीची सैल झाली होती आणि सोनाराकडे जायचं रोज राहून जात होतं. जेवून उठल्यावर त्यांचा हात कानाकडे गेला, तर कान मोकळा. सात मोत्यांची जुनी कुडी, त्यांच्या आईची. विकायला गेलं तर फार पैसे येणार नाहीत. पण उरलेली एक कुडी तळहातावर घेऊन त्या पलंगाच्या कडेला ज्या गप्प बसल्या, ते पाहून मी हातातलं काम तसंच टाकलं.

बाहेर लख्ख ऊन होतं, तरी मोबाइलची बॅटरी लावून मी पलंगाखाली शिरले. अंथरुणं झटकली. मोरीच्या जाळीत बोटं घालून पाहिली. सगळं घर दोनदा झाडलं, दोन्ही वेळा केर परातीत घेऊन निवडला. कुडी नाहीच. दिवेलागणीला केरसुणी कोपऱ्यात उभी करताना सवयीने जमिनीवर आपटली आणि पात्यांच्या गुंत्यात काहीतरी पांढरं चमकलं. पहिल्याच झाडणीत कुडी तिथे अडकली असणार. सासूबाईंनी ती धुऊन पुसली आणि समोरच्या घरातल्या काकूंना हाक मारली, "अहो, सापडली बरं का!" काकू आल्या, चहा झाला. कुडी हरवल्याचं काकूंना माहीतही नव्हतं, पण सापडल्याच्या आनंदात त्या सामील झाल्याच.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातली बाई हेच करते. तिची दहा नाणी असतात, त्यातलं एक हरवतं. ग्रीक मजकुरातला शब्द द्राख्मा, म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते आणि मग शेजारणींना बोलावते. दिवा कशाला, असं मला लहानपणी शब्बाथ शाळेत वाटायचं. कफर्णहूमला उत्खननात जी घरं निघाली ती काळ्या बसाल्ट दगडाची आहेत, आमच्या अहिल्यानगरच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींसारखीच काळी. खिडक्या लहान, जमीन दगड बसवलेली, दोन दगडांमध्ये फटी. तशा घरात नाणं पडलं तर भर दुपारीही दिवा लागणारच. गालीलाच्या घरात कोण वाकून काय शोधतं, हे येशूने पाहिलेलं होतं. पीठ फुगवणारं खमीर, जुन्या कापडाला लावलेलं नवं ठिगळ, मध्यरात्री दार ठोठावून तीन भाकरी मागणारा मित्र आणि मुलं झोपलीत म्हणून उठायला कंटाळणारा बाप, ही सगळी त्याच्या दाखल्यांची सामग्री घरातली आहे.

म्हणून घरात घडलेल्या प्रत्येक गोष्टीला शेवटी एक वचन चिकटवायचं, ही आपल्या मंडळींमधली सवय मला पटत नाही. दूध उतू गेलं, लावा वचन. कुकरची शिट्टी झाली नाही, लावा वचन. अशाने वचनही स्वस्त होतं आणि दूधही. घर नीट पाहिलं तर एखाद्या दिवशी शास्त्रातली एखादी ओळ आपल्याकडे वळून पाहते, आणि ती बहुधा आपण पाठ केलेली ओळ नसते. मराठी ख्रिस्ती साहित्यातलं माझ्या मते सगळ्यांत मोठं पुस्तक, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', संसाराचंच आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या पाच वर्षांतली ताटातूट, राग, पुन्हा एकत्र येणं आणि लक्ष्मीबाईंच्या मनाने स्वतःच्याच वेगाने टाकलेली पावलं हे सगळं त्यात आहे. उपदेश कुठेच नाही. पण माणसाला देव कसा वाट देतो आणि त्याची वाट कशी पाहतो, ते त्या पुस्तकाइतकं मला कोणत्याही प्रवचनाने सांगितलेलं नाही.

तर त्या पंधराव्या अध्यायाकडे वळते. त्यात हरवण्याच्या तीन गोष्टी एकापाठोपाठ येतात: मेंढरू, नाणं आणि मुलगा. मेंढरू रानात हरवतं. मुलगा दूर देशी जातो. नाणं मात्र घराच्या आतच हरवतं. मेंढरू ओरडू तरी शकतं, मुलाला भूक लागते तेव्हा घर आठवतं. नाण्याला आपण हरवलोय हे कळतसुद्धा नाही. ते जिथे पडलं तिथे पडून राहतं, आवाज न करता. मंगळवारी रात्री भांडी घासताना हे मनात घोळत होतं आणि अचानक आदल्या रविवारचा जिना डोळ्यांसमोर आला.

आमचा धाकटा सातवीत आहे. गेले काही महिने त्याने आम्हांला झोपू दिलं नाही. गणितात दोन चाचण्यांत नापास, आणि शाळेच्या नावाखाली चार दिवस मैदानावर. शाळेतून फोन आला तेव्हा कळलं. मग शिकवणी, रडारड, बोलणी, समजूत. सहामाहीत तो गणितात पास झाला. काठावर, पण पास. रविवारी उपासनेहून आल्यावर मटण केलं, बेकरीतून केक आणला, त्याच्या शिकवणीच्या सरांना आणि दोन शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. मुलांचे पपा सरांना आग्रह करून वाढत होते. घर भरून गेलं होतं.

पानं मांडली तेव्हा मोठीचं पान रिकामं. ती दहावीत आहे. शोधायला गेले तर गच्चीच्या जिन्यावर बसलेली.

"चल गं, सगळे थांबलेत."

"मला भूक नाही."

"आजच्या दिवशी असं करतात का?"

मग ती बोलली, आवाज न चढवता. "आई, मी पहिलीपासून दर वर्षी चांगल्या मार्कांनी पास होतेय. माझ्यासाठी कधी केक आणलात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर मला रागच आला. पाहुणे घरात असताना हिला हे सुचलं, असं वाटलं. मी खाली येऊन मुलांच्या पपांना हळूच सांगितलं, तर ते वाढता वाढता भांडं माझ्या हातात देऊन वर निघून गेले. सर खोळंबले, मटण निवलं, मी उगाच हसत कोशिंबीर वाढत राहिले. अर्धा तास यजमान जिन्यावर. त्यांचाही मला राग आला.

त्या रविवारी मला दाखला आठवला नव्हता. तो मंगळवारी आठवला, कुडी सापडल्यावर. उधळ्या पुत्राचा दाखला आपण म्हणतो आणि धाकट्यापाशीच थांबतो. थोरला शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, चाकराला विचारतो आणि अंगणातच उभा राहतो. आपल्या मित्रांबरोबर मजा करायला एक करडूसुद्धा कधी मिळालं नाही, अशी त्याची तक्रार. भावाला तो भाऊ म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. आणि बाप? पाहुण्यांनी भरलेलं घर टाकून तो बाहेर येतो. धाकट्यासाठी तो वाटेवर धावला होता हे सगळ्यांना पाठ आहे. थोरल्यासाठीही तो उंबरा ओलांडून गेला होता, हे मी इतक्या वर्षांत नीट वाचलंच नव्हतं. तो त्याला ज्या शब्दाने हाक मारतो तो ग्रीकमध्ये लेकराला मारायच्या हाकेचा आहे. बाळा, असं. आणि जे माझं ते सगळं तुझंच, हे बापाचं बोलणं हिशेबानेही खरं आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे ज्येष्ठ पुत्राला दुप्पट वाटा मिळायचा. दोनच भाऊ असले तर धाकटा एक तृतीयांश घेऊन गेला आणि उरलेलं सगळं थोरल्याचंच होतं. वाटणीचं दुःख ज्या घरांनी पाहिलंय त्यांना हे अधिक सांगायला नको. सगळं त्याचं होतं आणि त्याला करडू हवं होतं. म्हणजे त्याला कोणीतरी विचारायला हवं होतं.

रेम्ब्रांटने आयुष्याच्या शेवटी उधळ्या पुत्राचं चित्र काढलं. ते आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. बाप गुडघे टेकलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून वाकलाय. उजवीकडे लाल झगा घातलेला एक माणूस हात एकमेकांत गुंतवून ताठ उभा आहे. पुष्कळ जण त्याला थोरला भाऊ मानतात. शास्त्रात त्या भेटीच्या वेळी थोरला तिथे नसतोच, शेतात असतो. तरी चित्रकाराने त्याला तिथे आणून उभं केलं आणि चेहऱ्यावर उजेड टाकला. त्याच्याकडे पाहायला हवं, असं त्या म्हाताऱ्या चित्रकाराला वाटलं असावं.

आपल्या मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याची पद्धत आहे. दारू सोडून आलेला, घर मोडून परत आलेला माणूस उभा राहतो आणि सगळ्यांचे डोळे भरतात. भरायलाच हवेत. पण तीस वर्षं दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन चटया अंथरणाऱ्या मावशींना साक्षीसाठी कोणी उभं करत नाही. त्या कधी थकल्या का, त्यांचा विश्वास कधी कोरडा पडला का, हे पाळकही विचारत नाहीत. त्या आहेतच, असं आपण धरून चालतो. घरात जे 'आहेतच' असतात त्यांना शोधायला दिवा कोणी लावत नाही.

जिन्यावर काय बोलणं झालं ते मी मुलांच्या पपांना विचारलं. ते म्हणाले, फारसं काही नाही. शेजारी बसून राहिलो. ती थोडा वेळ रडली. मग म्हणाली, पपा तुम्ही जा, सर थांबलेत. मी म्हटलं, थांबू देत. ती शेवटी जेवायला आली की नाही? आली, पण पाहुणे गेल्यावर, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. केक तिने खाल्ला नाही. दाखल्यातला थोरला आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही. गोष्ट अंगणातच संपते.

मंगळवारी रात्री आम्ही रोजच्यासारखे कौटुंबिक प्रार्थनेला बसलो. मोठीने शास्त्रभाग वाचला, ती नेहमीच वाचते, अडखळत नाही म्हणून. प्रार्थना माझी होती. डोळे मिटले आणि मला एकदम दिसलं की गेले कित्येक महिने आम्ही रोज रात्री धाकट्याचं नाव घेतोय. त्याचा अभ्यास, त्याची संगत, त्याचं गणित. सासूबाईंचे गुडघे, मुलांच्या पपांची नोकरी. मोठीचं नाव फक्त आभारात. तिच्यासाठी आम्ही काहीच मागितलं नव्हतं. तिला काही लागत असेल असं वाटलंच नव्हतं.

मी डोळे उघडले. सगळ्यांचे मिटलेले, तिचेही. हळू आवाजात विचारलं, "बाळा, तुझ्यासाठी काय मागू?"

तिने डोळे उघडले आणि आजीच्या कानाकडे पाहत बसली. कुडी परत कानात होती, फिरकीला दोरा गुंडाळलेला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. धाकटाही चुळबुळ न करता बसून होता.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी पुन्हा डोळे मिटले.