गीतकार सहा पॉइंटमध्ये!

मराठी अल्बमची जाहिरात डोळ्यांसमोर आणा. दिवाळी अंकातली घ्या, नाहीतर लालबाग-परळच्या एखाद्या मंडळाच्या स्मरणिकेतली. वर अल्बमचं नाव, मध्ये गायकाचा हसरा फोटो, मागे फोटोशॉपमधला सूर्यास्त, खाली कंपनीचा लोगो. आणि कवी? तो लोगोच्या शेजारी, सहा पॉइंटमध्ये. पुष्कळदा तर तिथेही नाही. ह्याला माझा ठाम विरोध आहे!

टीव्ही-रेडिओवरची जाहिरात गाऊ शकते. कागद मुका. छापील पानावर गाण्यातली एकच गोष्ट जशीच्या तशी पोचते, ती म्हणजे शब्द. आपल्याकडे भावगीत ओळखतात तेच मुळी पहिल्या ओळीवरून. पानावर आठ मुखडे छापा, वाचणारा मनातल्या मनात चाल लावायला लागतो. गायकाच्या झब्ब्याचा रंग बघून कोण काय गुणगुणणार?

'शुक्रतारा' आपण सर्रास 'अरुण दातेंचं गाणं' म्हणतो. (दाते टेक्स्टाईल इंजिनियर, म्हणजे आपल्यातलेच. अभिमान आहेच!) पण शब्द मंगेश पाडगांवकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची आणि सोबत गायल्या सुधा मल्होत्रा. चौघांतले तिघं बोलताना गळतात, ते एक वेळ चालेल. छापताना तरी गळू नयेत ना?

आणि चित्रच हवं असेल तर एचएमव्हीच्या कुत्र्यासारखं हवं. फ्रान्सिस बॅरोच्या मूळ चित्रात त्या कुत्र्यापुढे सिलिंडरचा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये बॅरोने त्यावरच रंग चढवून ग्रामोफोन केला. मशीन बदललं, कुत्रा तोच. तो काय करतोय? ऐकतोय! गायकाचा चेहरा कुठेच नाही, तरी गाण्याची ह्याहून चांगली जाहिरात मला माहीत नाही.

माझा मामा गिरगावात डीटीपी करायचा. त्याचं म्हणणं, "पैसे गायक घालतो, मग फोटो गायकाचाच मोठा होणार. तू कोण सांगणारा?" मुद्दा बरोबर आहे. पण त्यानेच मला दाखवलं की देवनागरीत मात्रा वर, उकार खाली, त्यामुळे तेवढ्याच पॉइंटात मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा बारीक दिसतं. त्यात गडद रंगावर पांढरी अक्षरं. चार रंगांतली एक प्लेट जराशी सरकली की अनुस्वार बुजला, आणि 'मंद'चा झाला 'मद'. मी कॉन्व्हेंटवाला, मला असलं नाव दोनदा वाचावं लागतं. नावं बारा पॉइंट केली तर फोटो फार तर अर्धा इंच लहान होईल. गायकाचं काय बिघडतं?

पूर्वी जाहिरातीत नाही तर कॅसेटच्या इनले कार्डवर तरी नावं सापडायची. कॅसेट गेली, काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. ॲपवर कव्हर दिसतं नखाएवढं, गीतकार शोधायला आणखी दोन-तीन ठिकाणी बोट लावा. म्हणजे कवीचं नाव नीट छापायला जाहिरातीचं पान ही उरलेल्या मोजक्या जागांपैकी एक आहे, आणि तिथेही आपण सूर्यास्त घालतो!

मित्रांनो, मंडळांच्या आरती-अल्बमची आर्टवर्क्स फुकटात करून देणारे आपल्या कॉलेजात निदान पाच-सहा जण आहेत. ह्या गणपतीत कोणी म्हणालं, "जागा नाही, नावं काढ," तर सूर्यास्त काढा.