वाळूचा लीड धरता, बाईचा का नाही?

इटियाडोहच्या भिंतीवर उभं राहिलं की खाली कालवा दिसतो आणि पुढे धानाच्या बांध्या. गाढवी नदीवरचं हे मातीचं धरण १९७० मध्ये पुरं झालं. त्याचं पाणी अर्जुनी-मोरगाव तालुक्याला मिळतं, भंडाऱ्यातल्या लाखांदूरला मिळतं, गडचिरोलीतल्या वडसा-आरमोरीपर्यंत जातं. बाहेरून आलेला पाहुणा हे सगळं बघतो आणि हमखास विचारतो: एवढं पाणी असताना इथल्या बायका घमेली उचलायला वडशाला, नागपूरला, पार हैदराबादला कशाला जातात?

प्रश्न भाबडा आहे. त्याला आपल्याकडे जी उत्तरं दिली जातात ती भाबडी नाहीत, म्हणून हा लेख.

‘शहराची चटक लागली’ हे सर्वांत सोपं उत्तर. ते देणाऱ्यानं धानशेतीचं वर्ष दिवसांत कधी मोजलेलं नसतं. रोवणीच्या आठवड्यांत बाईला उसंत नसते, हे खरं. पण त्यानंतर? निंदणाचं काम तणनाशकानं खाल्लं. कापणी आणि मळणी हार्वेस्टर एका दमात उरकून जातो. पाण्यानं पीक वाढलं, बाईच्या हाताला लागणारे दिवस मात्र यंत्रांनी कमी केले. मार्च-एप्रिलात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता; जंगलाची ही रोजीही काही आठवड्यांचीच. मधले महिने कोरडे. मग कोणी तेलंगणात मिरची तोडायला जातं, कोणी बांधकामावर. यात चटक कुठे आली?

दुसरं उत्तर अगदी ताजं. ‘लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, रेशनचं धान्य फुकट, आता बाया कशाला कामाला येतात?’ गंमत अशी, की एकाच ओट्यावर बसलेली तीच माणसं दोन्ही तक्रारी करतात. बायका कामासाठी बाहेर पळतात, ही एक. बायका कामच करत नाहीत, ही दुसरी. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साली ३१२ रुपये होता. पाच दिवसांचे झाले १५६०. म्हणजे महिन्याच्या दीड हजारात पाच दिवसांची रोजीही भरत नाही, आणि महिन्याचे उरलेले पंचवीस दिवस कुठे जात नाहीत. या पैशानं एक गोष्ट होत असेल: पडेल त्या भावानं जायला बाईला एखाद्या दिवशी नाही म्हणता येत असेल. ओट्यावरचा खरा राग मला वाटतं तिथे आहे.

पण ही दोन उत्तरं किरकोळ आहेत. मुळावर घाव घालणारं तिसरं, आणि ते ठेकेदारापासून घरमालकापर्यंत सगळे देतात: ‘बाईले काय, घमेलंच त उचलाचं हाय.’ काम हलकं, म्हणून रोजी हलकी. मिस्त्रीच्या निम्म्याच्या आसपास रेजेची, म्हणजे बाईमजुराची, रोजी, हा जणू निसर्गनियम.

हलकं म्हणजे किती हलकं, ते एकदा तोलूनच पाहू. एक वीट साधारण तीन किलोची. मिस्त्रीनं दिवसात पाचशे विटा लावल्या असं धरलं, तर दीड हजार किलो माल कोणीतरी खालून वर नेला. त्यात मसाला वेगळा, पाणी वेगळं. चुंबळीवर दहा विटा घेतल्या की तीस किलो झाले. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत बाईनं एकटीनं उचलायची मर्यादा तीस किलोचीच आहे. बारा विटा ठेवल्या की नियम मोडला, आणि बारा ठेवल्या नाहीत तर ‘हात चालव’ म्हणून ओरडा बसला.

वजनाचं सोडा, कसबाचं बघा. स्लॅबच्या दिवशी घमेल्यांची साखळी कुठे अडली, तर मिक्सरमधला माल आळू लागतो. सिमेंट कोणासाठी थांबत नाही. शिडीवरून किंवा फळीवरून डोईवरचा भार न हलवता चढणं, वरच्या हाताला नेमक्या क्षणी घमेलं देणं, रिकामं घेऊन त्याच लयीत उतरणं, हे कोणीही उठून करू शकत नाही. ज्याला शंका असेल त्यानं एका स्लॅबला एक तास उभं राहावं. मग तराई. स्लॅबला निदान सात दिवस, उन्हाळ्यात त्याहून जास्त, पाणी पाजावं लागतं. ते काम बहुतेक बायकांकडे असतं. नीट झालं नाही तर मिस्त्रीचा हात कितीही चांगला असो, स्लॅबला भेगा जातात. घर टिकवणाऱ्या या कामाला आपण ‘पाणी मारणं’ म्हणतो आणि अकुशलाच्या रकान्यात टाकतो.

आता मला जे म्हणायचं आहे त्याकडे येतो. वाहून नेणं हे फुकटचं काम आहे, असं सरकार स्वतः मानत नाही. कुठल्याही सरकारी बांधकामाचं अंदाजपत्रक उघडा. मातीकामाच्या दरात दोन शब्द असतात: लीड आणि लिफ्ट. माल किती लांब न्यायचा तो लीड, किती उंच चढवायचा ती लिफ्ट. वाळू, गिट्टी, मुरूम यांचा लीडचा वेगळा तक्ता असतो. खदान दूर असेल तर दर वाढतो. ठेकेदार त्या तक्त्यावर एकेका किलोमीटरसाठी भांडतो, आणि भांडण्यात गैर काही नाही. ट्रक काही हवेवर चालत नाही. म्हणजे वाळू नदीच्या घाटापासून साइटपर्यंत आली, याचे पैसे मिळतात. ती वाळू वर चढवणारी बाई घरापासून त्याच साइटपर्यंत आली, याचे नाहीत. मालाचा दिवस घाटावर सुरू होतो. बाईचा दिवस मुकादमानं हजेरी घेतली की सुरू होतो.

आणि हजेरीआधी काय झालेलं असतं? धरणाच्या अंगच्या गावातली बाई काळोखात उठते. भात शिजवते, पाणी भरते, शिदोरी बांधते, लेकरू सासूजवळ किंवा जरा मोठ्या पोरीजवळ सोडते. त्या पोरीची शाळा बुडते, तो हिशेब तर कुठेच लागत नाही. मग फाट्यापर्यंत पायी. तिथून जी मिळेल ती गाडी. एसटीत बाईला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि हा निर्णय मी मनापासून चांगला मानतो. पण एसटीचं वेळापत्रक शाळा-कचेऱ्यांकडे बघून आखलं जातं, मजूर कामासाठी उभे राहतात त्या ठिय्याकडे बघून नाही. त्यामुळे अर्ध्या तिकिटाची बस सोडून पुऱ्या भाड्याच्या पिकअपमध्ये उभं राहावं लागतं, एकमेकींच्या खांद्याला धरून. ती गाडी मालवाहू. उलटली तर विम्याचा दावा तिथेच अडतो, कारण कागदोपत्री त्या गाडीत माणसं नसतातच. एवढं करून ठिय्यावर पोचायचं आणि दहापर्यंत कोणी बोलावलं नाही, तर खाडा. भाडं गेलं, दिवस गेला, संध्याकाळचा स्वयंपाक मात्र वाट बघत असतो.

नागपूरला जाणाऱ्यांचं वेगळंच. अर्जुनीहून गोंदिया-बल्लारशा गाडीनं नागभीड गाठायचं आणि तिथून छोट्या लाईननं इतवारी, ही या भागातल्या गरिबांची जुनी वाट. ब्रॉडगेजसाठी छोटी लाईन २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. रुंद रूळ यायलाच हवेत. पण रूळ रुंद होईतो त्या डब्यांतली माणसं कशानं जातील, याचा तक्ता कोणी केला होता का?

इथे सुशिक्षित वाचक म्हणेल: घरून कामावर यायचे पैसे कोण देतं? मलाही कोणी देत नाही. बरोबर. पण तुमचं ऑफिस रोज बदलत नाही, आणि तुम्ही पोचल्यावर ‘आज नको’ म्हणून परत पाठवत नाहीत. शिवाय मी काही नवं तत्त्व काढलेलं नाही, कायद्यानं ते दोनदा मान्य केलं आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या १९७९ च्या कायद्यात ठेकेदारानं जाण्यायेण्याचं भाडं द्यावं, विस्थापन भत्ता द्यावा, आणि प्रवासाचे दिवस कामावर असल्यासारखे धरून त्यांची मजुरीही द्यावी, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तेव्हा हैदराबादला नेलेल्या बाईला हा हक्क होता. नागपूरला नेलेल्या बाईला नव्हता, कारण वाटेत राज्याची सीमा लागत नाही. तो हक्कही २०२० च्या श्रमसंहितेत आखडला: एकरकमी भाडं उरलं, प्रवासातली मजुरी आणि विस्थापन भत्ता गळाला. दुसरा दाखला २००५ च्या रोजगार हमी कायद्याचा. काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यायचं, त्याहून लांब दिलं तर मजुरी दहा टक्के वाढवायची. हा बाईचा लीडच झाला! फक्त मातीकामावर तिला तो मिळायचा आणि इमारतीवर मिळत नाही.

‘पण बांधकाम कामगारांचं कल्याण मंडळ आहे ना, पेट्या वाटतात, भांडी वाटतात,’ हे शेवटचं उत्तर. मंडळ आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर १९९६ च्या कायद्यानं बसवला आणि त्यातून कामगारांचं कल्याण व्हावं असं ठरलं. त्या पैशाचं काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मधल्या निकालात देशभरासाठी सांगितलं: गोळा झाले ३७,४०० कोटींहून अधिक, खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी. उरलेले २८,००० कोटी कामगारांपर्यंत का पोचले नाहीत, असं न्यायालयालाच विचारावं लागलं. भांडी वाईट नाहीत. पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज एका मिस्त्रीकडे, परवा दुसऱ्याकडे, मध्ये महिनाभर रोवणी, अशा बाईला तो दाखला कोण देणार? मोठ्या साइटवर कायमचा मुकादम असलेल्या पुरुषाला तो सहज मिळतो. पाळणाघराचंही तसंच. पन्नासांहून जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघर हवं, असं त्याच वर्षीचा बांधकाम कामगारांचा कायदा म्हणत होता. वडशात किंवा अर्जुनीत एका घरावर चार बायका असतात. त्यांच्या लेकरांनी पन्नास होईतो थांबायचं?

आता एक आक्षेप असा आहे की त्याला मी टाळू शकत नाही. बाईच्या येण्याजाण्याचा खर्च ठेकेदारावर टाकला, तर तो लांबच्या बाईला बोलावणारच नाही. तिचं आहे ते कामही जाईल. हा आक्षेप खरा आहे, आणि आयुष्यभराच्या पुंजीतून दोन खोल्या बांधणाऱ्या शिक्षकाच्या बाबतीत तर मला त्यावर पुरतं उत्तर सापडलेलं नाही. पण सरकारी कामात तो टिकत नाही. वाळूचा लीड ठेकेदार खिशातून देत नाही, तो अंदाजपत्रकातच असतो. मजुरांचा लीड तसाच तिथे धरला तर लांबची बाई आणि जवळची बाई ठेकेदाराला सारखीच पडेल. रस्ते, शाळा, कालव्याची दुरुस्ती, अंगणवाड्या यांपासून सुरुवात करायला कोणाची हरकत असावी? खासगी इमारतींचा उपकर तर गोळा होतोच आहे. त्यातून ठिय्याला एक पत्र्याची शेड, एक पाळणाघर, एक संडास आणि एक नोंदवही मिळाली, तर ९० दिवसांचा दाखला ठिय्यावरच तयार होईल. मिस्त्रीच्या मागे फिरावं लागणार नाही.

बायकांना हे मागता येणार नाही, असंही कोणी म्हणेल. त्यानं आमच्याकडची रोवणी बघावी. एकरामागे ठेका ठरवताना दहा-पंधरा जणींचा गट मालकाशी असा भाव करतो की भलाभला व्यापारी गप्प बसेल. कोणत्या बांधीत चिखल जास्त, परे म्हणजे धानाची रोपं किती लांबून आणायची, यावर दर खालीवर होतो. परे लांबून आणायचे म्हणून जास्त मागणं, हा पुन्हा लीडच, त्या शब्दाशिवाय. त्याच बायका ठिय्यावर एकेकट्या उभ्या राहतात आणि मुकादम बोटानं निवडतो, तेव्हा त्यांचा आवाज बसतो. गावातून निघतानाच गट म्हणून निघता आलं आणि गट म्हणूनच दर ठरला, तर तो बसणार नाही.

मंडळाकडे आणि एसटीकडे मागायची पहिली गोष्ट अगदी साधी आहे. दिवाळीनंतर धान घरात आलं की धरणाच्या गावांतून अर्जुनीला आणि वडशाला सकाळी साडेसहाला निघणारी एकेक गाडी, आणि संध्याकाळी सुटी झाल्यावर अर्ध्या तासानं परतीची. रोवणीच्या महिन्यात ती बंद ठेवली तरी चालेल. तेव्हा त्या गाडीत बसायला कोणी नसतं.